मुंग्यांची वाट

सक्करदऱ्यातल्या आमच्या शेजारच्या काकू म्हणजे मुंग्यांच्या वैरीण. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांची पांढरी भुकटी, डायटम माती, त्या गव्हात मिसळतात आणि अंगणाच्या कडेने चिमटीतून रांगोळीसारखी ओढतात. "विष नाही बाप्पा, किडा नुसता वाळून मरते," असं मला दरवेळी ऐकवतात, जणू मीच किडा.

काका गेल्यानंतर एकदा त्यांची रेघ तुळशीपाशी तुटलेली दिसली. मी भुकटी घेऊन वाकलो, तर काकूंनी हात धरला.

"राहू दे गा. हे रोज इथं साखर टाकत होते."

मग रेघ ओढणाऱ्या त्याच बोटांनी त्यांनी तिथे साखर सोडली.

"हे गेले, मुंग्याईले काय मालूम?"