जांबुघोड्याचा रस्ता आणि माझा तथाकथित हट्ट

दिवाळीच्या फराळाला आमच्या बडोद्यातील रावपुऱ्याच्या घरी माणसे जमली, की जांबुघोड्याच्या जंगलाच्या सहलीची गोष्ट निघतेच. ती सांगण्याचा मान जावयाकडे. मुलगी अधूनमधून मसाला पुरवते. गोष्ट अशी की, जावयाने पहिलीवहिली गाडी घेतली, सासूसासऱ्यांना हौसेने फिरायला न्यायचे ठरवले, आणि जावयाच्या गाडीत बसणे कमीपणाचे वाटल्यामुळे सासरेबुवांनी बायकोला स्कूटरवर मागे बसवून, तेही लांबच्या आडरस्त्याने, सर्वांना वेठीस धरले. नातवंडांनाही ती आता पाठ आहे. तिच्यातील एकही विधान मला मान्य नाही. इतकी वर्षे मी गप्प होतो, कारण मी शब्द दिला होता. गेल्या दिवाळीत त्या शब्दातून माझी सुटका झाली, म्हणून आता लिहितो.

मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. बडोद्याच्या पूर्वेचे बहुतेक रस्ते माझ्या डोळ्यांदेखत रुंद झाले. फाल्गुनात कामावर असलो की परतताना रुमालात पळसाची फुले बांधून आणीत असे. इथे लोक त्यांना केसुडा म्हणतात. आमची ही ती रात्रभर पाण्यात भिजवी आणि मुलांसाठी रंग करी. सासूबाईंचे दुखणे, मुलांच्या परीक्षा, यांतून तिला बाहेर पडता आले नाही. तिने पळस पाहिला तो रुमालातलाच.

मी निवृत्त झालो त्याच सुमारास बडोद्यात नव्या गाड्यांचे पीक आले. जावईही एका कारखान्यात चांगल्या पदावर होते. त्यांची लाल गाडी दारात उभी राहिली, हिने तिला कुंकू लावले, आणि होळीच्या आधीच्या एका संध्याकाळी सहलीचा बेत ठरवायला जावई नकाशा घेऊन आले.

"बाबा, हालोलचा रस्ता एकदम सरळ आहे ने," ते नकाशावर बोट फिरवत म्हणाले. "सकाळी निघालो की नाश्त्याला जांबुघोडा."

"त्या रस्त्याला ट्रक किती असतात, ते या कागदावर छापले आहे का?" मी विचारले.

"बाबा, ते गाडी चालवणार आहेत, तुम्ही नाही," मुलगी म्हणाली.

इतक्यात ही चहा घेऊन आली आणि म्हणाली, "तुम्ही सगळे जाऊन या. मी घरीच बरी. गॅसवाला यायचा आहे."

"आई, गॅसवाला रविवारी कधीपासून यायला लागला?" मुलीने विचारले.

ही चहा ठेवून आत वळली, आणि मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. फुले भिजवायचे पातेले तिने आधीच घासून पुसून ओट्यावर काढून ठेवले होते. मी म्हणालो, "काय झाले ते सांग."

"मला गाडी लागते," ती हळू आवाजात म्हणाली.

पूजेनंतर जावयांनी तिला तरसालीला तिच्या बहिणीकडे सोडले होते. बंद काचा, नव्या सीटांचा वास, वर समोर टांगलेली अत्तराची बाटली. तिने पदर तोंडाशी धरून कसाबसा अर्धा रस्ता काढला. मग कोथिंबीर घ्यायची म्हणून गाडी थांबवायला लावली आणि उरलेले अंतर पायी गेली.

"नव्या सीटवर काही झाले असते तर जावयाला तोंड कसे दाखवले असते?" ती म्हणाली. "किती हौसेने घेतलीय त्यांनी. त्यांना कळता कामा नये. मुलीलाही नाही. शब्द द्या."

मी शब्द दिला. मग ती पातेल्याकडे बघत म्हणाली, "एकदा तरी उभे झाड बघायचे होते हो."

आता माझ्यावर हट्टाचा आरोप करणाऱ्यांनी त्या क्षणी माझ्या जागी उभे राहून पाहावे. स्कूटरवर तिला काहीही होत नसे. तोंडावर वारा असला की ती दिवसभर बसू शके. मी बाहेर आलो आणि जाहीर केले की मागच्या सीटवर बसून प्रवास करणारा माणूस मी नव्हे. मी माझ्या स्कूटरवरून येईन, आणि ही माझ्याबरोबर येईल.

"मग तुम्ही पुढे बसा ना, बाबा," जावई म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"पुढेही नाही."

"आईचे हाल कशाला?" मुलगी चिडली. "आई, तू तरी सांग यांना."

हिने कपाळाला हात लावला. "यांच्यापुढे माझे कधी काही चाललेय का?" आणि असा काही सुस्कारा सोडला की क्षणभर मलाच माझा राग आला. नाटकात काम करायची संधी त्या बाईला कोणी दिली नाही, हे रंगभूमीचे नुकसान आहे.

आडरस्त्याचे म्हणाल, तर तोही मी पूर्ण विचाराने निवडला. पाठीमागे साडी नेसून एका बाजूला बसलेली बायको असताना ट्रकांच्या धुरातून हालोलला जाणे हा शहाणपणा नव्हता. वाघोडियावरून जाणारा रस्ता लांब खरा, पण दोन्ही बाजूंना शेते, कडेला सावली आणि वाहतूक बेताची. गाडीने पुढे जायचे आणि ठरलेल्या गावांत चहाच्या टपरीवर आमची वाट पाहायची, असा बेत मी आखला. जावयांनी नकाशाची घडी घातली आणि मुकाट्याने होकार दिला. मुलीने मात्र पहिल्या टपरीपर्यंत माझ्याशी अबोला धरला.

शिवराजपूरच्या पुढे डोंगर जवळ येतात. एका वळणानंतर हिचा माझ्या खांद्यावरचा हात घट्ट झाला. "थांबवा," ती म्हणाली. मी स्कूटर कडेला घेतली. उतारभर पळस फुलला होता, पान एकही नाही. ती रस्ता ओलांडून एका झाडाखाली गेली, खोडाला हात लावला आणि बराच वेळ वर बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "रुमालात हे एवढे मावत नव्हते."

खात्यातून निवृत्त होताना माझ्यासाठी भाषणे झाली होती. त्यांतले मला एकही वाक्य आठवत नाही.

जावई जी गोष्ट सांगतात तिच्यातून ते एक प्रसंग नेहमी गाळतात. त्यांच्या बाजूचा असला तरी तोही मी नोंदवतो, कारण अर्धवट हकिगत मला चालत नाही. परतताना दिवेलागण झाली आणि माझ्या स्कूटरचा दिवा मिणमिणू लागला. तेव्हा ते गाडी घेऊन पुढे गेले नाहीत. बडोद्याची वेस येईपर्यंत ते आमच्या मागे, स्कूटरच्या चालीने, आमच्या पुढचा रस्ता उजळत आले. नवी गाडी तशी हळू चालवायला तरुण माणसाला किती सोसावे लागते, याची मला कल्पना आहे. मी त्या वेळी आभार मानले नाहीत. मानणार तरी कसे, मी तर रुसलेला सासरा होतो.

गेल्या दिवाळीत गोष्ट पुन्हा रंगात आली. जावई माझी नक्कल करीत होते: "पुढेही नाही." नातवंडे हसत होती. तेव्हा ही चकलीचा तुकडा ताटात ठेवून म्हणाली, "पुरे आता. मला गाडी लागते. त्या दिवशी मीच यांना गळ घातली होती."

मुलगी कधी हिच्याकडे, कधी माझ्याकडे बघू लागली. जावई मात्र शांतपणे म्हणाले, "आई, ते मला तरसालीलाच कळले होते. तुमच्या बहिणीच्या दारात कोथिंबिरीचा वाफा आहे आणि तरी तुम्ही वाटेत कोथिंबीर घ्यायला उतरलात."

"मग इतकी वर्षे माझ्या नावाने शंख का?" मी विचारले.

"तुम्ही सगळे अंगावर घेतलेत, बाबा. मी मध्ये पडलो असतो तर आईंना कळले असते की मला कळले आहे. आणि तुम्हाला ते शोभतही होते."

शेवटचे वाक्य अनावश्यक होते, असे माझे मत आहे. परंतु त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात आले, की एका बाईचा संकोच जपण्यासाठी दोन पुरुष एकमेकांना न विचारता इतकी वर्षे एकच खोटे बोलत राहिले, त्यांतला एक माझा जावई आहे, आणि हे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

स्कूटर केव्हाच विकली. माझे गुडघे आता बसल्याजागी तक्रार करतात. येत्या फाल्गुनात जावयांच्या गाडीतून पुन्हा जांबुघोड्याला जायचे ठरले आहे. ही पुढे बसेल, काचा उघड्या राहतील, अत्तराची बाटली घरी राहील. मी मागच्या सीटवर बसेन. जावई म्हणाले, "हालोलचा रस्ता आता फार छान झालाय, बाबा."

"वाघोडियावरून," मी म्हणालो.

या वेळी कोणी वाद घातला नाही. हिने तर पातेलेही काढून ठेवले आहे.