काशीनाथचा बंद पंप

काशीनाथ कांबळे चिडला की इंग्रजी सोडतो. दोन हजार आठच्या नोव्हेंबरपास्नं पुढल्या एप्रिलपर्यंत त्यानं ते जवळजवळ सोडलंच होतं.

माणूस मिरजेकडच्या खेड्यातला. इंग्लंडात स्लाऊ गावी उतरला तेव्हा मिशी काळी होती. तीस वर्षं फ्रिज-फिटर. खाटकाच्या दुकानामागं, पबच्या पाठीमागं जे मोठाले पंखे दिवसरात्र घरघरतात, त्यातले निम्मे ह्यानंच भिंतींना टांगले. "एकानंबी मला कागूद मागितला न्हाई," असं तो आजही दात चावून सांगतो.

घर गावाबाहेरच्या गल्लीत, गॅसची लाइन तिथवर पोचलीच नव्हती. घरात विटांचे हीटर. रात्रीच्या स्वस्त विजेवर तापायचे आणि दुपारी चारला मेल्या म्हशीगत गार पडायचे. बायकोची, विमलाबाईंची, छाती आधीच धरलेली. दोनदा हॉस्पिटल झालं. डॉक्टरीण बोलली, "घर ऊबदार करा, नाहीतर हिवाळ्यात ह्यांना तिथं ठेवू नका."

म्हंजे लेकीकडं, लीड्सला. विमलाबाई तिथंच कडाडल्या, "मी लेकीच्या सोफ्यावर पडून राहणार न्हाई. माझं घर हाय, माझी चूल हाय."

मग काशीनाथनं हीट पंप आणला. भिंतीबाहेर पंख्याची पेटी. गार हवेतनंसुद्धा ऊब ओढते आणि घरातलं पाणी तापवते. "फ्रिज उलटा फिरवला की झालं," त्यानं बायकोला समजावलं. लेक रेखा फोनवर म्हणाली, "बाबा, ह्या एप्रिलमध्ये नवीन रूल आला आहे. घरच्या अशा मशीनला परमिशन नाही लागत." एका आठवड्यात ह्यानं स्वतः काँक्रीटचा ओटा घातला, पेटी बसवली, पाइप जोडले.

सुरू करायच्या आधी गावची रीत आठवली. आमच्याकडं विहिरीवर इंजिन बसवायचं, तर आधी शेजाऱ्याच्या दारात जायचं, गोड द्यायचं आणि म्हणायचं, "लई तरास होणार बगा तुमास्नी, सांभाळून घ्या." तरास जेवढा फुगवून सांगावा तेवढा मान. समोरचा म्हणतो, "कसला तरास, करा की!" झालं, गाठ बसली.

काशीनाथ पेढ्यांचा डबा घेऊन शेजारच्या मिस्टर हॅलमच्या दारात गेला आणि म्हणाला, "मोठी घरघर होईल, लॉरी उभी केल्यागत. माफ करा."

हॅलमनं डबा घेतला, थँक्यू म्हणाला, दार लावलं. आणि कौन्सिलला, म्हंजे तिथल्या नगरपालिकेला, पत्र लिहिलं.

आठवड्यात, पंप सुरू व्हायच्या आतच, कौन्सिलचं पत्र काशीनाथच्या घरी: परवानगी नाही, अर्ज करा, निकाल लागेपर्यंत मशीन बंद ठेवा. काशीनाथ तडक कौन्सिलच्या काउंटरवर.

"छतावर सोलर लावलं असतं तर?"

"अर्ज नको," काउंटरवरची पोरगी म्हणाली.

"अंगण खणून जमिनीतली ऊब काढली असती तर?"

"तरी नको."

"आणि हवेतली काढली तर?"

"तर अर्ज. आवाज किती चालेल, त्याचं माप सरकारनं अजून ठरवलेलं नाही."

"मग ठरवा की! माझी बायको खोकत बसू दे का तुमच्या मापासाठी?" हे मराठीत. पोरगी म्हणाली, "सॉरी?"

डिसेंबरात विमलाबाई लीड्सच्या बसमध्ये बसल्या. मागं वळून बघितलंसुद्धा नाही, इतक्या रागात होत्या. राग नवऱ्यावर. "कुणी सांगितलं होतं पेढे वाटायला?"

फेब्रुवारीत कौन्सिलची कमिटी बसली. हॅलमनं कागदावरनं वाचलं, "अर्जदारानं स्वतः माझ्या दारात येऊन सांगितलं, की लॉरीसारखी घरघर होईल." काशीनाथला बोलायला तीन मिनिटं. माणूस मान द्यायला आपलाच त्रास फुगवून सांगतो, हे समजावता समजावता तीन मिनिटं गेली. कमिटीतल्या बाईनं विचारलं, "म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं बोललात?" ह्याच्या तोंडाला फेस. निकाल लांबणीवर, आधी आवाज मोजा.

मोजणारा आला. कुंपणापाशी त्यानं यंत्र रोवलं आणि पंप तेवढ्यापुरता सुरू करायला लावला. वरनं हीथ्रोचं विमान गेलं. मग दुसरं. मग तिसरं. यंत्रानं तीन विमानं मोजली. "पुन्हा यावं लागेल," तो म्हणाला. बाहेर बर्फ पडलेलं. काशीनाथ स्वयंपाकघरात कोट घालून एकटा भाकरी थापत होता आणि सरकारच्या सात पिढ्या काढत होता. रोज संध्याकाळी लीड्सचा फोन यायचा. "सुरू झाला?" "न्हाई." तिकडनं फोन आपटल्याचा आवाज.

परवानगीचा कागद चौदा एप्रिलला आला. बाहेर ऊन, झाडं फुललेली. त्याच आठवड्यातल्या शनिवारी विमलाबाई बॅग घेऊन दारात.

"करा चालू."

"अगं, उन्हाळा लागला आता."

"करा म्हंते ना! ऐकू दे त्या हॅलमला."

काशीनाथनं बटण दाबलं. विमलाबाईंनी मागचं दार सताड उघडलं, पेटीपाशी गेल्या, वाकून कान लावला. पलीकडं हॅलम खुर्ची टाकून उन्हात पेपर वाचत होता. त्यानं मान वर केली नाही.

"चालू हाय का हे?"

"फिरतोय की पंखा."

विमलाबाई सरळ झाल्या. कमरेवर हात ठेवून पेटीकडं बघितलं, मग कुंपणाकडं.

"ह्या एवढ्याश्या फुरफुरीसाठी मी चार महिने लेकीच्या सोफ्यावर झोपले?"

विमलाबाई कुंपणाशी गेल्या आणि आयुष्यभर जपून वापरलेल्या इंग्रजीत ओरडल्या, "मिस्टर हॅलम! माझा पेढ्याचा डबा परत करा!"