सहावी जमात आणि रापणीची दोरी

"हा कोण?" पब्लिशरच्या बाईंनी विचारलं.

स्क्रीनवर एक काळी आकृती होती. नुसती बाह्यरेषा, आत काळा रंग ओतलेला.

"एल्फ," आमचे विक्रम सर पुण्याहून ठणकावून म्हणाले.

"ड्वॉर्फ आहे. तुमचाच."

पुढच्या आकृतीला सरांनी ऑर्क म्हटलं. तो माणूस निघाला. तिसऱ्या वेळी सरांनी कॅमेरा बंद केला आणि नेटवर्क खराब आहे म्हणाले. नेटवर्क खराब होतं ते आमचं, मालवणचं. कसालला हायवेवर इंटरनेटच्या केबलवर कोणी कुदळ मारली की आमचं ऑफिस बंद. पुण्यात सगळं झकास चाललेलं असतं.

मी चौदा वर्षं गेम डिझायनर आहे. म्हणजे खेळाचे नियम लिहिते. शेजारच्या काकी अजून समजतात की मी दिवसभर गेम खेळते आणि त्याचा मला पगार मिळतो. मी आता समजावायचं सोडलंय. आमचा गेम स्ट्रॅटेजीचा. वरून नकाशा बघायचा, गावं वसवायची, सैन्य जमवायचं आणि शेजाऱ्याचं गाव जाळायचं. सुरुवातीला तुम्ही एक रेस निवडता. रेस म्हणजे जमात. एकदा मीटिंगमध्ये मी तिचं भाषांतर 'जात' असं केलं होतं. पुढचा अर्धा तास ती मीटिंग कुठल्या कुठे गेली, तेव्हापासून मी रेसच म्हणते.

आमच्याकडे पाच रेस होत्या. माणसं. एल्फ, म्हणजे टोकदार कानांचे, जंगलात राहणारे आणि स्वतःला फार शहाणे समजणारे. ड्वॉर्फ, म्हणजे बुटके, दाढीवाले, खाणीतले. ऑर्क, म्हणजे हिरवे आणि कायम चिडलेले. आणि भुतं. बाजारातल्या निम्म्या गेममध्ये हीच मंडळी असतात. पण आमच्या सरांनी त्याहून कमाल केली होती. पात्र ज्याच्या आधारावर हलतं त्या सांगाड्याला रिग म्हणतात. वेळ वाचवायला सरांनी पाचही रेसना एकच रिग दिला. माणूस सत्तर टक्के केला की ड्वॉर्फ. कान ओढले की एल्फ. हिरवा रंग फासला की ऑर्क. कपडे फाडले की भूत. आणि जाहिरातीत लिहिलं, 'पाच संपूर्ण वेगळ्या संस्कृती'! बाईंनी पाचही जणांना काळा रंग फासून समोर उभं केलं. या चाचणीला सिलुएट टेस्ट म्हणतात. नुसत्या बाह्यरेषेवरून जमात ओळखता आली पाहिजे. ज्यांनी बनवल्या त्यांनाच ओळखता येईनात.

बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "सहा आठवडे देते. एक तरी खरीखुरी नवी रेस दाखवा. नाहीतर आम्ही पैसे थांबवतो."

लगेच सरांचा मला फोन. "पब्लिशर थांबला तर मालवणचं ऑफिस मला आधी बंद करावं लागेल. पर्सनल काही नाही हं."

"पर्सनल कसं असेल सर? नुसत्या आमच्या नोकऱ्या आहेत."

मालवणच्या ऑफिसात आम्ही तिघं. मी, प्रोग्रामर मंगेश आणि आर्टिस्ट इग्नेस. मला आणि मंगेशला पुण्यात काहीतरी मिळालं असतं. इग्नेसचं तसं नव्हतं. त्याच्या आईचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून दोनदा कुडाळला. घरात दुसरं कोणी नाही. तो तिला गाडीत बसवून न्यायचा आणि तिथल्या बाकावर बसून लॅपटॉपवर ड्वॉर्फच्या दाढ्या काढायचा. ऑफिस बंद झालं असतं तर त्यानं काय केलं असतं, हे त्यालाही माहीत नव्हतं. मी विचारलं नाही, कारण माझी हिंमत झाली नाही.

सरांनी मात्र कंबर कसली. रोज फोन.

"काहीतरी हटके हवं. पण प्लेअरला ओळखीचं वाटलं पाहिजे."

"म्हणजे कसं सर?"

"ते तू बघ, तू डिझायनर आहेस. कोकण आहे ना तुमच्याकडे? भुतं घे."

"पाचव्या नंबरला भुतंच आहेत."

"मग मत्स्यकन्या?"

"माणसाच्या रिगला शेपटी कुठून आणू?"

"पाय चिकटवून टाका," सर म्हणाले आणि त्यांना दुसरा कॉल आला.

दोन आठवडे असे गेले. एका सकाळी वैतागून मी किनाऱ्यावर चालत होते. तिथे रापण ओढत होते. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: होडी समुद्रात अर्धगोल जाळं टाकून येते, जाळ्याच्या दोन टोकांच्या दोन दोऱ्या किनाऱ्यावर, आणि दोन रांगा मागे रेलून त्या ओढतात. दोन्ही रांगांचा वेग सारखा लागतो. एक बाजू पुढे गेली की जाळं तिरकं होतं आणि मासे पळतात. रापणीचे म्होरके बाबलकाका माझ्यावर ओरडले, "गो बाय, बघतंस काय? धर दोरी!"

धरली. तळहात सोलून निघाले. शेवटी बांगड्यांचे वाटे झाले, मलाही एक मिळाला. माझ्या मागे सोलापूरचा एक पर्यटक फोटोपुरता दोन मिनिटं लटकला होता, त्यालाही मिळाला. तो बिचारा पिशवी शोधत धावला.

"काका, त्याला कशाला दिलात? तो कोण कुठला!"

"दोरयेक हात लायल्यान मा? मगे वाटो गावाकच व्हयो."

"हात लागला म्हणून वाटा मिळायलाच हवा? ओळख ना पाळख..."

"ता कोणी कधी विचारूक नाय," काका म्हणाले आणि जाळं झाडायला लागले.

मी घरी न जाता तशीच, अंगाला माशांचा वास घेऊन, ऑफिसात गेले. चार आठवड्यांत आम्ही सहावी रेस उभी केली. राजा नाही, हिरो नाही, जादूगार नाही. लढणारे नाहीत असं नाही, पण सगळं पोट दोरीवर. प्लेअरनं दोन्ही रांगा सारख्या वेगानं सांभाळायच्या. घाई केली की जाळं तिरकं. इग्नेसनं नवा रिग बनवला, मागे रेललेल्या माणसांचा. काळा रंग भरला तरी लांबून ओळखू यायचे. मंगेशनं मुख्य नियम लिहिला: दोरीला ज्याचा हात लागेल, त्याला वाटा. मी तो नियम तीनदा तपासला. इग्नेसनंही वाचला. बरोबरच होता.

डेमोचा दिवस. बाई परदेशातून, सर पुण्यातून. त्या दिवशी कसालला कोणी कुदळ मारली नाही. बाईंनी ऑर्क घेतले आणि चाळीस ऑर्क आमचं गाव जाळायला पाठवले.

ऑर्क किनाऱ्यावर आले. पहिला दोरीला अडखळला. त्याला वाटा मिळाला. सैनिकांना काही डोकं असतं असं नाही, पण न मरता पोट भरायची सोय दिसली की तिकडे वळायचं, एवढं आम्ही सगळ्यांनाच शिकवलेलं असतं. दुसऱ्यानं दोरी धरली. मग चाळीसही जण मागे रेलून ओढायला लागले. तेवढ्यात डोंगरातून ड्वॉर्फ आले, तेही लागले. एल्फ जरा लांब उभे राहिले आणि मग आले. शेवटी भुतं आली. नकाशावरचं युद्ध संपलं. सगळं जग आमच्या किनाऱ्यावर रापण ओढत होतं.

सरांचा मेसेज आला: हे लढत का नाहीत???

मंगेश पांढराफटक पडला होता. "मॅडम, हात आपल्या माणसाचा की शत्रूचा, ते तपासायचंच राहिलं."

राहिलं! जगातला कुठलाही प्रोग्रामर ही ओळ सर्वात आधी लिहितो. आम्ही तिघं किनाऱ्यावर वाढलेले, तीन वेळा वाचून तिघांच्याही लक्षात आलं नाही. मला वाटलं, संपलं. मी इग्नेसकडे बघायचं टाळलं.

आणि बाई हसायला लागल्या. "भुतांना मासे आवडतात?" असं म्हणत त्यांनी अजून तासभर गेम खेळला. जाळं तिरकं केलं, सरळ केलं, स्वतःचेच ऑर्क रांगेत नीट लावले. मग म्हणाल्या, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा एखाद्या रेसनं मला माझा बेत बदलायला लावला. मंजूर." इग्नेसनं टेबलाखाली आनंदानं मुठी आवळल्या.

"फक्त एक बदल," बाई पुढे म्हणाल्या. "युद्धाचा गेम आहे. शत्रूला वाटा नको. दोरीला हात लावला तर मारा."

"अर्थात! अर्थात!" सर म्हणाले. "तो बगच होता!"

बग म्हणजे चूक. मी तोंड उघडलं. सांगणार होते, की जे मंजूर केलंत तेच काढायला सांगताय, मग राहिले काय, दोरीवाले एल्फ? तेवढ्यात इग्नेसचा फोन थरथरला. आईला न्यायची वेळ झाली होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"होऊन जाईल," मी म्हणाले.

मंगेश करतो म्हणाला. मी त्याला उठवलं आणि ती ओळ स्वतः लिहिली. चार मिनिटं लागली.

ऑफिस वाचलं. सरांनी पुण्यात 'मातीतली ओरिजिनॅलिटी' या विषयावर भाषण दिलं, पडद्यावर नारळाची झाडं दाखवून. समुद्र बहुतेक त्यांना स्लाइडमध्ये बसवता आला नसावा. आणि गेम बाहेर आल्यावर बाबलकाका धुतलेला शर्ट घालून ऑफिसात आले. त्यांची रापण कॉम्प्युटरवर आली, ती बघायला.

काकांनी रांगा मस्त सांभाळल्या. आम्हा तिघांपेक्षा चांगल्या. मग एक ऑर्क आला आणि त्यानं दोरीला हात लावला. काकांच्या माणसांनी दोरी टाकली, कोयते काढले आणि त्याला तिथेच कापलं. जाळं सैल झालं, मासे गेले.

काका माझ्याकडे वळले. "ह्येका मारल्यानी कित्याक गो? दोरयेक हात लायलेलो तेनी."

"तसा नियम आहे, काका."

"कोणी केल्यान?"

"मी," मी म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांनी माउस बाजूला सारला. मग त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. इग्नेस आईला घेऊन कुडाळला गेला होता. आमचं ऑफिस बंद पडायला आलं होतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

"इग्नेसाची आवस बरी आसा मा?"

"आसा."

"मगे जांवदे," काका म्हणाले, उठले आणि गेले.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच. खरोखर नवं काही सुचलं तर ते चुकून झालं असंच दाखवा. मुद्दाम केलेलं फीचर म्हणून सांगितलंत तर डेमोपर्यंतसुद्धा पोचणार नाही. आणि नंतर ते काढायची पाळी आली तर दुसऱ्याला सांगू नका, स्वतःच्या हातानं काढा. त्यानं पगार वाढत नाही. शिव्या योग्य माणसाला बसतात, एवढंच.