सून गेली चौमूंला

बनी पार्कात आमच्या वरच्या मजल्यावर सलोनी माने राहते. वय चोवीस, आवाज खणखणीत, आणि कपातला चहा गार झाल्याशिवाय अंथरूण सोडायचं नाही हा बाणा. वडील विमा कंपनीत. सांगलीहून बदलीवर जयपूरला आले आणि इथलेच झाले. ही पोरगी गिटार घेऊन गाणी रचते, आणि गाते चक्क मराठीत. जयपुरात ती ऐकणार कोण, असं मी तिला तोंडावर विचारलं होतं.

"तुम्ही ऐकताच ना काका, मजबूरी में," ती म्हणाली. उद्धट आहे, पण खोटं बोलत नाही.

यंदा तिचा पहिला अल्बम आला, 'बदलीचं गाव'. लोकगीताचा ठेका आणि रॉकचा दणका. रेकॉर्डिंग विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका गाद्यांच्या गोदामात झालं. गोदाम ढोलकी वाजवणाऱ्या अभिजितच्या मामांचं, आणि रचलेल्या गाद्यांमुळे शेजारच्या यंत्रांचा खडखडाट आत येत नव्हता. एक सोडून सगळी गाणी सलोनीची. ते एक तिने लहानपणी भोंडल्यात आईच्या तोंडून ऐकलेलं. त्याच्यापुढे तिने इमानदारीत लिहिलं, 'पारंपरिक'.

आणि गाजलं नेमकं तेच!

सून गेली चौमूंला, बाई, कोण तिला आणी?
सासू बसली उंटावर, उंट मागतो पाणी.
उंट पाणी प्यायला, झाली संध्याकाळ,
उंट काही बसेना, सासू खाते डाळ!

मराठीचा गंध नसलेला आमचा भाजीवालासुद्धा 'सासू खाते डाळ' गुणगुणायला लागला. एका समीक्षकाने लिहिलं, की असली शेवटची ओळ लोकपरंपरेलाच सुचते, आजच्या कवींचं ते काम नव्हे. सलोनीच्या बाकीच्या गाण्यांवर त्याने एक शब्द खर्च केला नाही. मला त्या माणसाचा भयंकर राग आला.

त्यातच पुण्याच्या एका निर्मात्याचा फोन आला. पुढचा अल्बम तो काढायला तयार होता, पण अट एकच: सगळी गाणी पारंपरिक हवीत, स्वतःची नकोत. रविवारपर्यंत कळवायचं होतं.

"मतलब, मी फक्त गायचं," सलोनी म्हणाली. "रचणं मला जमत नाही, असंच ना?" तिचा चेहरा पाहवेना. होकार द्यायचं तिने जवळजवळ ठरवलंच होतं.

रविवारी मी वर चहाला गेलो होतो. तेवढ्यात सांगलीहून तिच्या रूपालीमावशीचा व्हिडिओ कॉल आला. मावशी थेट सलोनीच्या आईवर, चारुलतावहिनींवर घसरली. "ताई, हे गाणं आपल्याकडचं कुठलं गं? आणि हे चौमूं आपल्या जिल्ह्यात कधी आलं?"

चौमूं इथे जयपूरजवळ, सीकर रोडवर. इतकी वर्षं जयपुरात काढल्यावर, सांगलीची सून तिथे कशाला तडमडेल, हा प्रश्न माझ्यासकट कुणाच्याही डोक्यात आला नव्हता!

वहिनी लाजल्या. "अगं, इथल्या पहिल्या भोंडल्यात मला ऐन वेळी गाणीच आठवेनात. बायका फेर धरून उभ्या. मग सुचेल ते म्हणत गेले."

"म्हणजे मी आईशी हरले!" सलोनीने कपाळावर हात मारला.

"हरलीस कसली? 'संध्याकाळ'पाशी मी अडले की. पुढं काही सुचेना. तू एवढीशी, माझा पदर धरून फेरात फिरत होतीस. तूच ओरडलीस, 'सासू खाते डाळ!' सगळ्या हसून हसून खाली बसल्या. तेव्हापासून तीच ओळ म्हणतोय आम्ही."

सलोनीचे डोळे भरून आले आणि, कशाला लपवा, माझेही.

"ते 'पारंपरिक' खोड आता," वहिनी म्हणाल्या. "दोघींची नावं घाल. माझं आधी."

सलोनीने नाक पुसलं आणि पुण्याला फोन लावला.

"सर, पारंपरिक माझ्याकडे काहीच नाही," ती म्हणाली. "गाणी मी रचते."