चाकण ते सांगवी: ईश्वरीच्या झोपेचा फॉर्म

ईश्वरी वर्गात बाकावर डोकं टेकून झोपते, अशी तक्रार बाईंनी तिसऱ्यांदा केली, तेव्हा कुठे तिला सांगवीच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. पोरगी सहा वर्षांची. भरून आणायला दवाखान्याने आधीच एक फॉर्म दिला होता: मुलांच्या झोपेबद्दल पानभर प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. आदल्या दिवशी कंपनीच्या कँटीनमध्ये चहा पिता पिता मी तो दोन मिनिटांत उरकला. मी क्वालिटी खात्यात आहे, माल तपासायच्या चेकशीटवर वरून खालपर्यंत ओके मारायचा हात बसलाय. सगळीकडे 'नाही' केलं आणि सही ठोकली. शहाणाच ना मी!

बायकोला, संगीताला, तिच्या कंपनीतून सुट्टी मिळाली नाही. आम्ही बापलेक निघालो. चाकणहून जाणार असाल तर सकाळी सातच्या आत तळेगाव चौक ओलांडा, नाहीतर कंटेनरच्या मागे फेस येईल तोंडाला. आम्ही साडेआठला भोसरीची बस धरली, म्हणजे व्हायचं तेच झालं. मोशी यायलाच सव्वा तास गेला.

ईश्वरी मांडीवर झोपली. तोंड उघडं, घोरणं सुरू. मला तर बरं वाटलं, म्हटलं पोर गाढ झोपलीय. शेजारी मोशीला चढलेल्या एक मावशी होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "बाळा, पोरगी श्वास घेती का न्हाई?"

मी खाली पाहिलं. घोरणं थांबलं होतं. छाती धडपडत होती, पण नाकापुढे तळहात धरला तर काहीच लागेना. आईशप्पथ! "ईशू!" म्हणून हलवलं, तशी ती केवढा तरी श्वास ओढून दचकली आणि परत झोपली. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच.

"असं नेहमीच हाय व्हय?" मावशींनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. बापाने द्यायचं उत्तर आहे का हे?

संगीताच्या नाश्त्याच्या सुट्टीत फोन लावला. "हिचा श्वास अडतो, तुला माहीत होतं?"

"म्हणून तर रोज कुशीवर वळवते तिला. रात्रीतून चारदा तरी उठते."

"मग बोलली का नाहीस?"

"लहान पोरांचं होत असेल म्हटलं. आणि तुम्ही कधी विचारलंत? नाईट शिफ्ट नसली की डाराडूर झोपता. फॉर्मवर काय लिहिलंत?"

"ठेवतो, भोसरी आली," म्हणून मी फोन कापला.

भोसरीत ईश्वरीला पोहे खाऊ घातले. तिथून नाशिक फाटा, पिंपळे गुरव करत रिक्षाने सांगवी. भाडं आधी ठरवूनच बसा, मीटर म्हटलं की रिक्षावाले भाऊ नुसते हसतात.

दवाखान्यात मी तोंड उघडायच्या आत सिस्टरने फॉर्म हातातून घेतला. "सगळं नाहीच आहे. मग घाई नाही, महिनाभराने या. आज गर्दी आहे."

"तो फॉर्म रिजेक्ट करा!" मी ओरडलोच. "खोटा आहे. मी न बघता भरलाय."

बाकावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. सिस्टर शांतपणे म्हणाली, "मुलीकडे रात्री लक्ष कोणाचं असतं?"

"तिच्या आईचं."

"मग तिला विचारून भरायचा ना, दादा."

नवा फॉर्म मिळाला. मी परत फोन लावला, संगीताला सुपरवायझरने पाच मिनिटं कामाच्या लाईनवरून सोडलं. मी प्रश्न वाचत होतो, ती फोनवर सांगत होती. घोरते? रोज. श्वास थांबतो? हो. झोपेत घाम? उशी भिजते. अंथरूण ओलं? हो, कधी कधी.

डॉक्टरांनी त्याच दिवशी तपासलं. टॉन्सिल सुजलेले, नाकामागची गाठही वाढली असावी. फॉर्मवरून आजार ठरत नाही म्हणाले, पण रात्रभराची झोपेची तपासणी लगेच हवी. कदाचित ऑपरेशन. तपासणीला गुरुवारी बोलावलंय.

संध्याकाळी घरी आलो. ऑपरेशनची भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? पण चुकीच्या कागदावर पोरगी महिनाभर तशीच घरी राहिली असती, ते आठवलं की जास्त धडकी भरते. जेवणं झाली, ईश्वरी झोपली, मी तिच्या उशाशी बसलो.

संगीता म्हणाली, "आज तुम्ही जागे आहात ना? नक्की?"

"नक्की."

ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली, आणि डोकं टेकताच तिला झोप लागली. तिला असं निवांत झोपलेलं मी कधी पाहिलं होतं, ते मला आठवेना.