टाकळ्याचं मलम

पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमधली पाळी सुटली, की डिंडोलीत प्रमिलाबाईंच्या दाराशी चपलांचा ढीग पडायचा. दिवसभर वाफेत, ओल्या कापडात राबणाऱ्यांच्या काखेत, जांघेत गजकर्ण उठायचं. बाई टाकळ्याचा पाला करंजाच्या तेलात कढवून मलम करायच्या; धुळ्याकडच्या आत्याची ती शिकवण. "पंधरा दिवस लाव, कपडे उन्हात वाळव. तरी नाही गेलं तर मुकाट दवाखाना गाठ," असं प्रत्येकाला बजावायच्या.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी कढई धाकट्या भावाकडे सोपवली. भिकन मेडिकलच्या दुकानात कामाला होता. त्यानं डब्या छापून आणल्या, झाकणावर बहिणीचा फोटो. बाई लाजल्या, पण मनातून सुखावल्या.

चार महिन्यांनी मिलमधला धुडकू आला. सदरा वर केला, तर पोटापासून पाठीपर्यंत लाल चट्टे.

"मावशी, दोन दिवसांत खाज गेली होती. लावायचं थांबवलं आणि दुप्पट उसळलं. डबी तुमचीच."

 पाला कधी दोन दिवसांत गुण देत नाही, हे बाईंइतकं कुणाला ठाऊक? त्या त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी जांघेची कातडी पाहिली. ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती.

"पाल्यानं असं होत नाही. या डबीत स्टेरॉइडचं मलम मिसळलंय. खाज दबते, पण बुरशी माजते."

बाई तडक भिकनच्या घरी गेल्या. त्यानं नाकारलंसुद्धा नाही.

"ताई, तुना पालाले पंधरा दिन लागतस. लोकेसले दोन दिनमा फरक जोयजे."

"माझ्या तोंडाकडे बघून लोक लावत होते रे!"

"म्हणून तर फोटो छापला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर बाई काठी टेकत मिलच्या फाटकावर उभ्या राहिल्या. "त्या डब्या फेका, दवाखान्यात जा," म्हणून ज्याला त्याला सांगत सुटल्या. काहींनी ऐकलं. एका बाईनं मात्र डबी त्यांच्या तोंडासमोर धरली.

"फोटो तुमचा, आणि तुम्हीच नको म्हणता? मग खोटं कधी बोललात, तेव्हा की आता?"



दवाखान्याच्या गोळ्यांनी धुडकूचं अंग हळूहळू साफ झालं. आता तो बाईंच्या दारावरून जातो, पण मान वळवत नाही.