लांबवलेली जीप

आमचे हे रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात वेल्डर होते. सारी नोकरी त्यातच गेली. रिटायर झाल्यावर कोणी कामाबद्दल विचारलं तरच त्यांच्या तोंडून शब्द निघायचा, आणि कोणी विचारत नसे.

मुलाचं ऑफिस जुन्या रायपुरातून नव्या रायपुरात गेलं तसा तोही तिकडे राहायला गेला. फ्लॅटखाली जागा नव्हती, म्हणून त्याची जुनी जीप आमच्याच अंगणात राहिली. रविवारी तो आणि त्याचे दोस्त ती नदीकाठच्या खडकांवर चढवायला न्यायचे. एवढे रुंद रस्ते सोडून दगड शोधत फिरायचं, हे मला कधी समजलं नाही. पण त्या निमित्ताने तो घरी यायचा, म्हणून मी बोलले नाही.

जीप आखूड होती. उभ्या खडकावर तिचं नाक वर उठायचं, एकदा तर ती मागे उलटता उलटता राहिली. मागची चाकं वीतभर मागे न्यायची, म्हणजे ती खडक धरून चढेल, असं मुलाने ठरवलं. त्यासाठी चेसिस कापून मधे लोखंडाचा तुकडा जोडायचा होता.

"गॅरेज में करा लेता हूँ, बाबा."

"काहून? मी मेलो का? अख्ख्या वॅगनी जोडल्या म्या. तुही जीप खेळणं हाय."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनची तारीख दोनदा टळली होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी कणीक मळत राहिले.

बॉडी उतरवून चेसिस लाकडी ठोकळ्यांवर ठेवली. माप बरोबर घेतलं, कापलंही सरळ. पण वेल्डिंग करताना काळ्या काचेतून लोखंड वितळताना दिसावं लागतं, आणि तेच ह्यांना दिसत नव्हतं. हात सवयीने चालला. वरून जोड सुरेख दिसत होता.

कारखान्यात रीत होती, आपला जोड आपण पास करायचा नाही. दुसऱ्याने हातोडी मारून आवाज ऐकायचा. ह्यांनी हातोडी मला दिली.

"पोट्टा काय ऐकते, त्याच्या कानात दिवसभर मोबाईल. तू मार. अन् खरं सांग."

मी आधी चांगल्या लोखंडावर मारली. ते खणखणलं. मग जोडावर मारली. आवाज तिथेच बसला.

"कसा वाजला?"

"फुटक्या मडक्यासारखा."

"पुन्हा मार."

मी तीनदा मारली. "तेच हाय."

"तुले काय समजते, चौथी पास?"

"मंग मले काहून मारायले लावली?"

मुलगा हसला. हसायला नको होतं. मग त्याने हातोडी घेऊन जोरात घाव घातला आणि जोडाच्या कडेने चीर गेली. ह्यांना ती दिसली नाही. ते खाली बसले, जोडावरून बोट फिरवत गेले आणि चिरेत नख अडकलं तिथे थांबले.

"मैं ऊपर से गिर जाता, बाबा," मुलगा म्हणाला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्याने चेसिस टेम्पोत घालून टाटीबंधच्या गॅरेजात नेली. तिथे जोड नव्याने मारला, वरून पट्ट्या लावल्या. जीप आता खडकावर पालीसारखी चढते. त्याने मोबाईलवर मला दाखवलं, ह्यांना नाही. ती आता गॅरेजवाल्याकडेच उभी असते आणि रविवारी मुलगा तिकडूनच जातो.

शेजारीण म्हणाली, "दीदी, झूठ बोल देतीं." खोटं बोलले असते तर मुलगा गेला असता. खरं बोलले, तर हे गेले. तिसरं काही बोलण्यासारखं मला आजही सुचत नाही.

ऑपरेशनचं मी पुन्हा काढलं. "आता पाहायचं काय हाय?" म्हणाले. पूर्वी दिसत नसलं तरी दिसतं म्हणायचे. आता जे दिसतं, तेही दिसत नाही म्हणतात. ताट समोर असतं आणि विचारतात, "वाढलं का?" मी हात धरून तो भातावर ठेवते.